अत्याचारग्रस्त बालके, त्यांची कुटुंबे आणि स्वयंसेवी संस्थांचे अर्थकारण

(महाराष्ट्रातून अभ्यासदौऱ्यावर आलेले अर्थशास्त्र व समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यार्थी आणि स्थानिक मराठी भाषक नागरिक यांच्यासमोर कुंभकोणम येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. वक्त्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापक असून महाराष्ट्रातील एका बालसंरक्षण संस्थेच्या मानद कोषाध्यक्ष आहेत.)



तंजावरच्या मराठी राज्याबरोबर जी मराठी कावेरीकाठी आली, ती आपण आजही घरात बोलता. माझी मराठी आपल्याला कदाचित पुस्तकी वाटेल. ती समजून घ्यावी, ही विनंती. याच गावात १८२८ मध्ये टी. माधवराव जन्मले आणि पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्यांचे चुलतबंधू दिवाण बहादूर आर. रघुनाथराव यांचा जन्मही येथलाच, १८३१ सालचा. तेही इंदूरचे दिवाण होते; परंतु आज मला त्यांचे स्मरण होते ते वेगळ्या कारणाने. १८८७ मध्ये मद्रास येथे राष्ट्रीय सामाजिक परिषद सुरू झाली, तिच्या उभारणीत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या बरोबरीने रघुनाथराव होते. संस्कृत शास्त्रग्रंथांचा आधार घेऊन त्यांनी बालविवाहाविरुद्ध आणि विधवाविवाहाच्या बाजूने युक्तिवाद केले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने ही मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली आणि १९२९ च्या शारदा कायद्याने मुलींसाठी विवाहाचे किमान वय चौदा ठरवले. त्या काळच्या वादाचे सार एका प्रश्नात सांगता येते : कायद्याने घराचा उंबरठा ओलांडावा की नाही?

आज तो वाद उरलेला नाही. कायदा उंबरठ्याच्या आत आला आहे आणि ते योग्यच झाले. कायदा येऊन गेल्यानंतर त्या घराचे काय होते, चूल कशी पेटते, भाडे कोण भरते, या प्रश्नांचा विचार मात्र आपण फारच थोडा केला आहे. मी विधिज्ञ नाही किंवा समुपदेशकही नाही. हिशेब पाहणारी आहे. म्हणून आज बोलणार आहे ते या हिशेबाविषयी.

एक रस्ता आणि चौऱ्याण्णव कुटुंबे

आज सकाळी आपण सारे काशिरामन रस्त्यावर जाऊन आलो. १६ जुलै २००४ रोजी तेथील शाळेत मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरात आग लागली, ती शाकारलेल्या छपराला भिडली आणि ९४ मुले मृत्युमुखी पडली. एकाच इमारतीत एकाहून अधिक शाळा दाटीवाटीने चालत होत्या. न्यायमूर्ती संपत आयोगाने चौकशी केली. खटल्याची प्रत्यक्ष सुनावणी २०१२ मध्ये, म्हणजे घटनेनंतर आठ वर्षांनी सुरू झाली. ३० जुलै २०१४ रोजी तंजावरच्या न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरवले, अकरा जणांची सुटका केली आणि शाळेच्या संस्थापकाला जन्मठेप दिली. २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने आणखी काही जणांना मुक्त केले आणि संस्थापकाची शिक्षा भोगलेल्या काळापुरती कमी केली. दरम्यान याच दुर्घटनेतून उद्भवलेल्या अविनाश मेहरोत्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी सांगितले की, सुरक्षित शाळेत शिकण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे. स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने हा निवाडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

बालकावरील अत्याचार या विषयाशी या आगीचा संबंध काय, असे आपल्या मनात येईल. काळजी घेण्याची ज्याच्यावर जबाबदारी आहे, त्याने ती न घेणे हा अत्याचाराचाच प्रकार मानला जातो. हा एक संबंध झाला. माझ्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो दोहोंमधील फरक. छप्पर कशाचे आहे हे निरीक्षकाला रस्त्यावरून दिसते. जिने किती, दारे किती, वर्गात मुले किती, हे मोजता येते. नियम करता येतो आणि तो पाळला जातो की नाही, हे तपासताही येते. घरातल्या बंद दाराआड काय चालते, हे कोणत्याही निरीक्षकाला दिसत नाही. तेथे माहितीचा एकच स्रोत असतो, तो म्हणजे मूल. आणि त्या माहितीचा पहिला श्रोता बहुधा आई असते.

दुसरा फरक अधिक खोल आहे. येथील पालक दरवर्षी १६ जुलैला एकत्र येतात, मुलांच्या छायाचित्रांपुढे दिवे लावतात. त्यांच्या दुःखाला नाव आहे, रस्ता आहे, तारीख आहे. दशकभर खटला चालला तेव्हा एका घरच्या माणसाला रोजगार बुडवून न्यायालयात जाणे अशक्य झाले, तरी दुसऱ्या घरचा कोणी तेथे असण्याची शक्यता होती. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाचे कुटुंब अशी संघटना करू शकत नाही. मुलाची ओळख उघड होऊ नये म्हणून कायदाच नाव लपवतो आणि तसे लपवणे आवश्यकही आहे. परिणामी ही कुटुंबे एकाच तालुक्यात, एकाच न्यायालयाच्या व्हरांड्यात बसलेली असूनही परस्परांना ओळखत नाहीत. या विषयात स्वयंसेवी संस्था मुळात जी जागा भरून काढते, ती या न होऊ शकणाऱ्या संघटनेची.

प्रश्नाची व्याप्ती

आकड्यांकडे थोडक्यात वळू. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बाल अत्याचारविषयक अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यांतील १२,४४७ बालकांशी बोलून केलेल्या या पाहणीत ५३.२२ टक्के बालकांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार अनुभवल्याचे सांगितले. त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा किंचित अधिकच होते, ही गोष्ट आपल्या समजुतींना धक्का देणारी आहे. सुमारे निम्म्या प्रकरणांत अत्याचार करणारी व्यक्ती मुलाच्या ओळखीची किंवा विश्वासातली होती आणि बहुसंख्य मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती. या राज्यापुरते बोलायचे तर चेन्नईतील तुलिर या संस्थेने २००६ मध्ये शाळकरी मुलांचा अभ्यास केला. २,२११ मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी असा अनुभव नोंदवला.

याच्या शेजारी पोलिसांकडील नोंदी ठेवून पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार बालकांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या गुन्ह्यांची संख्या २०२२ मध्ये १,६२,४४९ होती. २०२३ मध्ये ती सुमारे १ लाख ७७ हजार झाली. यांपैकी ३८ टक्क्यांच्या आसपास गुन्हे लैंगिक अपराधांविषयीच्या कायद्याखालील आहेत. गंभीर स्वरूपाच्या नोंदलेल्या प्रकरणांत आरोपी बालकाच्या ओळखीचा असण्याचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक आहे. वाढ गुन्ह्यांतील आहे की नोंदणीतील, हे या आकड्यांवरून ठरवता येत नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत हा फरक न करणारे विद्यार्थी मी बरेच पाहिले आहेत. मला यातून एवढेच दाखवायचे आहे की, पाहणीत मुलांनी जे सांगितले आणि पोलीस ठाण्यापर्यंत जे पोहोचले, त्यांमधील अंतर अफाट आहे.

भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला मान्यता दिली. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम २०१२ साली संमत झाला आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरपासून अमलात आला. आपण ज्याला ‘पॉक्सो’ म्हणतो तो हाच. मुलगा व मुलगी असा भेद तो करीत नाही. कलम १९ अन्वये गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती कळवण्याचे बंधन आहे. न कळवणे हा कलम २१ अन्वये स्वतंत्र गुन्हा आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यावा, आरोपी त्याच्या दृष्टीस पडू नये, न्यायालयात त्याला पुनःपुन्हा बोलावू नये, दखल घेतल्यापासून तीस दिवसांत त्याची साक्ष व्हावी आणि शक्यतो एका वर्षात खटला संपावा, अशा तरतुदी त्यात आहेत. चांगला कायदा आहे. वयात आलेल्या मुलामुलींच्या परस्परसंमतीच्या संबंधांतून उद्भवणारी प्रकरणे हा एक वेगळा आणि अवघड विषय आहे. आज त्यात शिरत नाही.

विश्वास ठेवणे परवडले पाहिजे

आता हिशेबाकडे येते. प्रा. अमर्त्य सेन यांनी कुटुंबाकडे पाहण्याची एक दृष्टी दिली आहे : कुटुंबात सहकार्य आणि संघर्ष एकाच वेळी नांदतात आणि संघर्षात कोणाचे म्हणणे टिकेल, हे सहकार्य मोडल्यास कोणाची स्थिती किती वाईट होईल यावर अवलंबून असते. ही मांडणी स्त्रीपुरुषांच्या संदर्भात वर्गात शिकवली जाते. मला तिचा खरा अर्थ कळला तो आमच्या संस्थेच्या कार्यालयातील बाकावर.

एक काल्पनिक कुटुंब घेऊ. आकडे आमच्या अनुभवाच्या जवळचे आहेत. आई दिवसाला ३५० रुपयांच्या रोजाने महिन्यातून वीस दिवस काम करते. वडील थोरल्या भावाच्या टेम्पोवर चालक आहेत, महिन्याला ९,००० रुपये मिळतात. राहते घर त्याच थोरल्या भावाचे. म्हणजे वर्षाचे उत्पन्न १ लाख ९२ हजार रुपये. दहा वर्षांची मुलगी एके दिवशी आईला सांगते की, काका आपल्याशी वाईट वागतात.

आईने विश्वास ठेवला तर काय काय घडते? पोलीस ठाणे, रुग्णालय, दंडाधिकाऱ्यांपुढील जबाब, बाल कल्याण समिती, समुपदेशन आणि मग न्यायालयाच्या तारखा मिळून २९ दिवस गेले असे धरा. बुडालेला रोज १०,१५० रुपये. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त निम्मे भाडे आहे. ते लक्षात घेऊन मायलेकींच्या जाण्यायेण्याचे दर खेपेस १२० रुपये, म्हणजे ३,४८० रुपये. येथपर्यंतचा खर्च कसाबसा निघू शकतो. पण वडिलांचे काम त्याच दिवशी जाते. दुसरे मिळायला चार महिने लागले तर ३६,००० रुपये गेले. घर सोडावे लागते. दरमहा २,००० रुपयांची खोली घेतली तर वर्षाचे २४,००० आणि अनामत १०,०००. अनामत परत मिळते हे खरे, पण ती आधी उभी करावी लागते आणि ती सावकाराकडून येते. एकूण ८३,६३० रुपये. वर्षाच्या उत्पन्नाच्या सुमारे ४४ टक्के. यात आजीचे न बोलणे, गावातील लग्नकार्यांतून वगळले जाणे, धाकट्या मुलाची शाळा बदलणे, यांपैकी काहीच धरलेले नाही.

आईने विश्वास ठेवला नाही, तर यांपैकी एकही रुपया खर्च होत नाही.

‘आईने मुलीचे ऐकले कसे नाही?’ असा प्रश्न सुशिक्षित माणसे फार सहज विचारतात. मीही विचारीत असे. मुलावर विश्वास ठेवायला काळीज लागते हे खरेच. पण ते कुटुंबाला परवडावेही लागते, ही बाब आपण नजरेआड करतो. ज्या घराला परवडत नाही, तेथे आई सुरुवातीला मुलीचे ऐकते, तक्रारही करते आणि दीड वर्षाने साक्षीच्या दिवशी मुलगी न्यायालयात ‘मला काही आठवत नाही’ असे सांगते. कायद्याच्या भाषेत साक्षीदार फितूर झाला. त्या दीड वर्षात घरात कोणता सौदा झाला, हे न्यायालयाच्या कागदांवर येत नाही.

माझी एक सही

मी संस्थेत कशी आले, हे सांगायला हवे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या छोट्या संस्थेने माझ्याकडे तिचे जमाखर्च तपासून मागितले. त्या वेळी दोन समाजकार्यकर्त्या, एक अर्धवेळ समुपदेशक आणि भाड्याच्या दोन खोल्या एवढाच पसारा होता. मी कोषाध्यक्ष झाले आणि शिस्त आणायचे ठरवले. अनुदान ज्या शीर्षाखाली मिळाले त्याच शीर्षाखाली खर्च. पावती नाही तर रक्कम नाही. लेखापरीक्षकांनी आमचे कौतुक केले.

एका प्रकरणाचे तपशील, ओळख पटू नये म्हणून बदलून सांगते. अकरा वर्षांची मुलगी, आरोपी नात्यातला, घर त्याच्याच मालकीचे. तक्रार झाली आणि कुटुंबाला घर सोडावे लागले. आमच्या कार्यकर्त्या बाईंनी तीन महिन्यांच्या खोलीभाड्यासाठी आणि आईच्या बुडालेल्या रोजासाठी रक्कम मागितली. देणगीदार संस्थेच्या मंजूर अंदाजपत्रकात समुपदेशन, जनजागृती, प्रशिक्षण आणि कार्यालयीन खर्च अशी शीर्षे होती. भाडे नव्हते, रोज नव्हता. त्याच महिन्यात जनजागृतीच्या शीर्षाखाली बरीच रक्कम शिल्लक होती आणि वर्षअखेरीपूर्वी ती खर्च व्हावी म्हणून आम्ही भित्तिपत्रके छापून घेतली. बाईंच्या मागणीपत्रावर मी ‘नामंजूर’ लिहून सही केली. नियमाप्रमाणे ते बरोबर होते.

चौथ्या महिन्यात ते कुटुंब त्याच घरात परत गेले. पुढे मुलीने साक्षीत काहीच सांगितले नाही. आरोपी सुटला. भाडे दिले असते तर निकाल वेगळा लागला असता, असे मी म्हणणार नाही. अर्थशास्त्रज्ञाला एका उदाहरणावरून कार्यकारणभाव सांगण्याची परवानगी नसते. ते मागणीपत्र मात्र मी जपून ठेवले आहे. भित्तिपत्रकांवर एका मुलीचे चित्र होते आणि खाली सांगितले होते की, मोठ्यांना सांगायला घाबरू नका.

जे मोजले जाते तेच केले जाते

ही एका कोषाध्यक्षाची चूक म्हणून सोडून देता येईल. परंतु तिच्यामागे एक सर्वसाधारण नियम आहे. बेंट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रोम या अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये मांडले की, एकाच व्यक्तीकडे दोन कामे असतील, त्यांतील एक सहज मोजता येत असेल आणि दुसरे येत नसेल, आणि मोबदला मोजमापावर दिला, तर ती व्यक्ती न मोजता येणाऱ्या कामाकडे दुर्लक्ष करू लागते. शाळांचे निकाल आणि शिक्षण यांच्या संदर्भात हे अनेकदा सांगितले जाते. बालसंरक्षण संस्थांना ते तंतोतंत लागू पडते. एका कार्यकर्तीने महिन्यात बारा शाळांत व्याख्याने दिली तर अहवालात बारा कार्यक्रम आणि हजार लाभार्थी दिसतात. तिने तेच महिने एका मुलीबरोबर न्यायालयाच्या बाकावर, बाल कल्याण समितीत आणि तहसील कार्यालयात काढले, तर तीन वर्षांनंतरही रकान्यात ‘एक’ एवढाच आकडा येतो. देणगीदाराची वृत्ती वाईट असते असे नव्हे. त्याला दुरून एवढेच दिसते.

कामाच्या मूळ गरजेवरून आरंभ करणाऱ्या संस्थांचा इतिहास वेगळा आहे. मुंबईत १९८६ मध्ये प्रवीण आणि प्रीती पाटकर यांनी प्रेरणा ही संस्था सुरू केली. कामाठीपुऱ्यातील मुलांना सर्वांत मोठा धोका आई कामावर असण्याच्या वेळी, म्हणजे रात्री होता. म्हणून १९८८ मध्ये तेथे रात्रीचे संगोपन केंद्र उघडले. आईच्या रोजगाराची वेळ हीच मुलाच्या धोक्याची वेळ, हे ज्याने ओळखले त्याने अर्थशास्त्र न शिकताही ते जाणले, असे मी म्हणेन. १९९६ मध्ये मुंबईतच टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रायोगिक प्रकल्प म्हणून १०९८ ही बालकांसाठीची दूरध्वनी सेवा सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. दूरध्वनीवर मुलाचे ऐकण्यापासून घटनास्थळी पोहोचण्यापर्यंतचे काम अनेक वर्षे स्वयंसेवी संस्थांनी केले. २०२३ पासून ही सेवा ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडून शासकीय यंत्रणेमार्फत चालवण्याची व्यवस्था झाली. त्याविषयी मतभेद असू शकतात. माझ्या मते दूरध्वनी कोण उचलतो यापेक्षा, तो ठेवल्यानंतरची तीन वर्षे त्या घराबरोबर कोण राहतो, हा प्रश्न मोठा आहे.

त्या तीन वर्षांसाठी कायद्यात जागा आहे. पॉक्सो नियम, २०२० मध्ये मुलाला तपास व खटल्याच्या काळात सोबत करणारी साहाय्यक व्यक्ती नेमण्याची तरतूद आहे आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अंमलबजावणीबाबत निर्देश दिले. हे काम करायला बहुधा स्वयंसेवी संस्थांतीलच माणसे असतात. त्यांना मिळणारा मोबदला आणि त्यांच्या अंगावर येणारे ओझे यांचा मेळ बसत नाही. आमच्याकडे पाच वर्षांत पाच समुपदेशक बदलल्या. प्रत्येक वेळी मुलांना पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागले. कायदा जबाब एकदाच घ्या म्हणतो आणि आम्हीच त्यांना पुनःपुन्हा बोलायला लावले. याचे कारण वेतन अकरा महिन्यांच्या प्रकल्पातून येत होते, एवढे साधे आहे. कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीतून येणारी रक्कमही बहुधा वर्षाच्या मुदतीची असते. २०२० च्या दुरुस्तीने परदेशी देणगीतील प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आली आणि मोठ्या संस्थेने लहान संस्थेकडे ती देणगी वर्ग करण्यास मनाई झाली. पारदर्शकतेचा हेतू समजण्यासारखा आहे. तालुका पातळीवरील लहान संस्थांना मात्र त्याची झळ बसली.

पैसा आहे, पण वेळेवर नाही

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पॉक्सो नियमांतील नियम ८ आपण अवश्य वाचावा. अन्न, वस्त्र, प्रवास आणि इतर निकडीच्या गरजांसाठी बाल कल्याण समिती तत्काळ मदतीची शिफारस करू शकते आणि शिफारस मिळाल्यापासून आठवड्याच्या आत ती रक्कम दिली गेली पाहिजे. नियम ९ नुसार विशेष न्यायालय खटला चालू असतानाही अंतरिम भरपाई देऊ शकते आणि आदेशानंतर तीस दिवसांत राज्याने ती द्यावयाची आहे. महाराष्ट्रात २ ऑक्टोबर २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. मिशन वात्सल्यमध्ये कुटुंबातच राहणाऱ्या गरजू बालकासाठी दरमहा ४,००० रुपयांचे प्रायोजकत्व आहे. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळतात.

मघाच्या काल्पनिक कुटुंबाला हे लावून पाहा. प्रायोजकत्वासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये आहे. त्या कुटुंबाचे गेल्या वर्षीचे उत्पन्न १ लाख ९२ हजार. तहसीलदारांचा दाखला मागील उत्पन्नाचा असतो. घर आणि काम गेले ते या वर्षी. तक्रार करण्यापूर्वीच्या सुस्थितीमुळे ते कुटुंब अपात्र ठरते आणि ती सुस्थिती तक्रारीमुळेच संपलेली असते. मनोधैर्यमधील रकमेचा मोठा भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत राहतो. मुलाच्या भविष्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचे आहे. पण खोलीचे भाडे पुढच्या एक तारखेला द्यायचे असते. नियम ८ हा नेमका या अडचणीवरचा उपाय आहे. माझ्या पाहण्यातील अनुभव असा की, त्याखाली अर्जच फार थोडे होतात, कारण कुटुंबाला तो ठाऊक नसतो आणि बऱ्याच कार्यकर्त्यांनाही नसतो.

याखेरीज एक गोष्ट खटकते. आरोपी त्याच घरात राहत असेल, तर मुलाला तेथून हलवायचे की नाही, हे समितीने तीन दिवसांत ठरवायचे असते. कुटुंबाला तीन दिवसांत दुसरे छप्पर मिळाले नाही, तर सुरक्षिततेसाठी मूल बालगृहात जाते. ज्याने काही केले नाही ते घराबाहेर आणि घर जसेच्या तसे. बालगृहातील एका मुलावर होणारा खर्च आणि एका खोलीचे भाडे यांची तुलना करणारा प्रबंध आपल्यापैकी कोणी लिहावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. मार्गदर्शन मी करीन.

आम्ही आमच्यापुरता एक बदल केला. व्यक्तींकडून मिळणाऱ्या बिनशर्त देणग्या वेगळ्या ठेवून त्यांतून ‘कुटुंबाची बुडालेली रोजी व तात्पुरता निवारा’ असे नवे शीर्ष उघडले. तक्रार झाल्यापासून सहा महिने, जास्तीत जास्त एका वर्षापर्यंत. रक्कम मोठी नसते. ज्या दिवशी घर सोडावे लागते त्याच दिवशी अनामत देता येईल, एवढीच काळजी आम्ही घेतो. आणि त्याच आठवड्यात नियम ८ खालचा अर्ज समितीपुढे ठेवतो, म्हणजे आमचे पैसे पुढच्या घरासाठी मोकळे होतात.

लेखापरीक्षकांना हे शीर्ष पसंत नाही. रोज बुडाला याचा पुरावा काय, असे ते दरवर्षी विचारतात. मुकादमाचे पत्र आणायचे तर बाई त्या दिवशी कुठे गेली होती हे मुकादमाला सांगावे लागते आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर होते. म्हणून आम्ही आईची स्वतःची सही किंवा अंगठा घेतो, शेजारी कार्यकर्तीची सही आणि न्यायालयाच्या तारखेचा उल्लेख. ‘हा पुरावा अपुरा आहे,’ असा शेरा गेल्या सहा अहवालांत आहे. मी दरवर्षी त्याखाली तेच उत्तर लिहिते आणि कोषाध्यक्ष म्हणून सही करते.